लोकल गार्डियनची सही

नेरूळला माझा एक फ्लॅट आहे आणि तो मी कॉलेजच्या मुलींना भाड्याने देते, असं कळलं की बायका म्हणतात, "मजा आहे बाई तुमची, घरबसल्या पैसे!" घरबसल्या म्हणे. माझे गुडघे येऊन बघा जरा. आम्ही राहतो खांदेश्वरला. तिथून आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा नेरूळला जायचं, स्टेशनाबाहेरच्या रिक्षावाल्याने एवढ्या जवळ येत नाही म्हणून मान उडवायची, मग मी तणतणत चालत सुटायचं. कारण काय, तर मावशी, गिझर लागत नाही. मावशी, नळ टपकतोय. मावशी, बाथरूममध्ये पाणी तुंबलंय. तुंबणारच! चार मुलींचे केस त्या एका जाळीत. मी वाकून ते काढते आणि मनात म्हणते, हीच का ती इन्व्हेस्टमेंट.

इन्व्हेस्टमेंट हा शब्द आमच्या ह्यांचा. ह्यांनी सगळं आयुष्य वाशीच्या मार्केटात कांदा-बटाट्याच्या एका पेढीवर दिवाणजी म्हणून काढलं आणि मी एका खाजगी शाळेच्या ऑफिसात क्लार्क म्हणून. दोघांनाही पेन्शन नाही. हातात जी पुंजी आली ती कुठे ठेवायची यावर घरात वर्षभर काथ्याकूट चालला होता. शेवटी ह्यांनी निकाल दिला, "कॉलेजांच्या जवळ एक वन बीएचके घेऊ. धंदे बसतील, कंपन्या जातील, कॉलेज कुठे जाणार आहे? दर वर्षी नवी पोरं येणारच." ह्यांचं बरोबरच निघालं म्हणा. पोरं दर वर्षी येतात. पण फ्लॅट घेतल्यावर दोन वर्षांत ह्यांना दम लागायला लागला, जिने चढवेनात, आणि तेव्हापासून घेणारे हे आणि निस्तरणारी मी, असं चाललंय.

भाडेकरू आणून देणारा एजंट शिरवण्याचा, तिथल्या मूळ गावातला. पहिल्याच दिवशी त्याने मला सांगितलं, "मावशी, पोरीच ठेवा. पोरांचा लय ताप हाय. सोसायटीवाले पन तुमचं डोकं खातील." म्हणून मुली. त्यांचा अकरा महिन्यांचा करार, पोलिसांकडचा कागद, सोसायटीची परवानगी, हे सगळं दर वर्षी नव्याने. कराराच्या मशीनवर अंगठा ठेवायचा असतो आणि माझा अंगठा ते मशीन घेत नाही. भांडी घासून घासून रेषाच गेल्यात. दर वेळी तो एजंट म्हणतो, मावशी, जरा क्रीम लावा, पुसा, परत ठेवा. मी अर्धा अर्धा तास त्या टेबलापाशी अंगठा चोळत बसते. आपल्याच घराची मालकीण आहे हे पटवायला एवढा खटाटोप!

आता त्या सहीचं सांगते. मुलगी हॉस्टेलवर राहत नसेल तर कॉलेजच्या फॉर्मवर लोकल गार्डियनची सही लागते. म्हणजे इथे, या गावात, हिच्यावर लक्ष ठेवणारं मोठं माणूस कोण, ते लिहून द्यायचं. बाहेरगावच्या लोकांचं इथे असतं कोण? पहिल्या वर्षी लातूरच्या मुलीची आई माझ्यापुढे फॉर्म घेऊन उभी राहिली आणि तिच्या डोळ्यांत पाणी. मी केली सही. झालं! पुढच्या वर्षीपासून एजंटच लोकांना सांगायला लागला, "मालकीनबाय सही पन करतात." जसं काही फ्लॅटमध्ये फ्रीज आहे, पंखा आहे, तशी मी आहे. ह्यांनी मला सांगितलं होतं, नको त्या भानगडीत पडू. पण चार मुलींमधून तिघींना सही दिली आणि चौथीला नाही म्हटलं, असं कसं करायचं? मी मुलींना नावानेही कमीच हाक मारते. लातूरची, नाशिकची, धुळ्याची. त्याही एकमेकींना तशाच हाका मारतात.

कराडची आली तिला दोन वर्षं होतील. बरोबर वडील. ते एसटीत ड्रायव्हर, साप्ताहिक सुटी बघून आले होते. मी आजवर इतके पालक बघितले, पण असा माणूस नाही बघितला. आत आले ते आधी दाराची कडी आतून लावून बघितली. मग बाल्कनीची ग्रिल हलवून बघितली. खिडकीतून खाली वाकून गेटवर वॉचमन दिसतो का ते बघितलं. मुलगी मध्ये उभी, मान खाली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. मी चहा ठेवला. माझं माहेर वाईकडचं हे कळल्यावर त्यांचा आवाजच बदलला.

"मग तर झ्याक झालं," ते म्हणाले. "ताई, तुमाला खरं सांगतो. घरात कुणाचाच होकार न्हवता. थोरला भाऊ तर बोलायचा बंद झालाय. म्हनतो, पोरीचं वय झालं, चांगली स्थळं यायला लागल्यात, आन् तू तिला मुंबईला धाडतोस? मी एकट्यानं रेटलंय. फार्मसी करायची म्हनती, करू दे. पर काय जरी इकडचं तिकडं झालं तर मला घेऊन जायाच लागंल. मग माझं बी कोन ऐकायचं न्हाई."

मी म्हटलं, "दादा, काळजी करू नका."

"काळजी तुमीच करायची आता. पोरगी तुमच्या पदरात टाकली. काय वाकडं दिसलं की मला पयला फोन."

मी हो म्हटलं. फॉर्मवर सही केली. त्या वेळी मला काही जड वाटलं नाही. शाळेत तीस वर्षं मी हेच केलं होतं, पालकांना कळवणं.

पोरगी गुणी होती. उगाच नाही म्हणत. बाकीच्या तिघी गेल्या की पातेली तशीच सिंकमध्ये ठेवून जायच्या, ही गॅसची शेगडी पुसून जायची. दर महिन्याला न विचारता मीटरचा फोटो पाठवायची. एकदा तिने ह्यांच्या गोळ्यांची पिशवी माझ्या हातात बघितली. मी त्या गोळ्या एका पाकिटातून दुसऱ्यात भरत होते, कुठली कधीची ते कळेना. तिने ती पिशवी घेतली, खाली बसली, एकेका पाकिटावर मार्करने मोठ्या अक्षरात सकाळ, दुपार, जेवणाआधी असं लिहून दिलं. वर मला दटावलं, "मावशी, या दोन एकत्र नका देऊ कधी." मला हसूच आलं. म्हटलं, अगं, अजून पहिलं वर्ष नाही झालं तुझं आणि डॉक्टरीणबाई झालीस! तीही हसली, पण गोळ्या परत एकदा मोजून बघितल्याच तिने.

दुसऱ्या वर्षी ती गप्प झाली. मला दिसलं होतं ते. पण मुली गप्प होतात, परत बोलायला लागतात, मी किती जणींच्या मागे लागू? रोज सकाळी बॅग घेऊन जायची, संध्याकाळी यायची. माझ्या दृष्टीने सगळं ठीक होतं.

आणि मग तो दिवस. खालच्या फ्लॅटच्या बाईंनी सोसायटीत तक्रार केली होती की आमच्या बाथरूममधून त्यांच्या छतात पाणी उतरतंय. सेक्रेटरींचा मला तिसरा फोन आला होता, त्यात 'स्टुडंट ठेवता मग असंच होणार' हे वाक्य होतंच. मी सकाळी प्लंबर घेऊन गेले. त्याने फरशी फोडली, पाइप काही सापडेना, दुसरी फोडली. खालच्या बाई वर येऊन दारात उभ्या. माझ्यावर तोंडसुख घेत होत्या, जसं काही मीच वरून बादल्या ओतत्येय. मुली सगळ्या बाहेर. जेवण नाही, पाणी नाही, सगळ्या घरात सिमेंटची धूळ, आणि गुडघा असा ठणकत होता की मला रडू फुटायचं बाकी होतं. तेवढ्यात फोन वाजला. कॉलेजच्या ऑफिसातून. तुम्ही अमुक मुलीच्या लोकल गार्डियन ना? ती सात आठवडे वर्गात आलेली नाही. हजेरी भरत नाही. परीक्षेला बसता येणार नाही, पालकांना कल्पना द्या.

मी विचारलं, कुठली मुलगी? त्यांनी नाव सांगितलं. कराडची.

आता इथे मला थांबून खरं सांगायचंय, कारण ते मी ह्यांनाही नीट सांगितलेलं नाही. मी वडिलांना लगेच फोन केला तो शब्द दिला होता म्हणून केला, असं मी सगळ्यांना सांगते. शाळेची सवय होती, हेही खरं. तीन दिवस गैरहजर की घरी कार्ड टाकायचं, मग ते तीन दिवस कशाने का असेनात. का आली नाहीस हे विचारणं माझं काम नव्हतं, ते वर्गशिक्षकांचं. पण सगळ्यात खरं कारण हे की मी दमले होते. मला ती एक गोष्ट माझ्या डोक्यावरून उतरवून दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर ठेवायची होती. संध्याकाळी ती येईल, तिला विचारावं, समजावावं, एवढी ताकद माझ्यात नव्हती. फोन लावणं सोपं होतं. मी फोडलेल्या फरशीच्या कडेला उभी राहून लावला.

ते डेपोत होते, फेरीवरून नुकतेच आलेले. मी सांगितलं ते त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "सात आठवडं? मी रजा टाकतो, ताई." बस एवढंच. फोन ठेवल्यावर मला हलकं वाटलं, हेही सांगून टाकते.

संध्याकाळी साडेपाचला पोरगी आली. प्लंबर नुकताच गेला होता. तिने तो सगळा राडा बघितला, बॅग खुंटीला लावली, ओढणी कमरेला बांधली आणि केरसुणी घेऊन कामालाच लागली. मला म्हणाली, "तुम्ही बसा मावशी, तुमचा चेहरा बघा कसा झालाय." मी बसले. मला तिच्याकडे बघवत नव्हतं. अर्धी खोली झाडून झाल्यावर तिने हात धुतले आणि बॅगेतून एक कागद काढला.

"मावशी, एक सही पाहिजे होती. पण रागवायचं नाही. आधी सगळं ऐकून घ्यायचं."

मग तिने सांगितलं. पहिल्या वर्षाचे तिचे दोन विषय राहिले होते. घरी सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर त्याच दिवशी बोलावून घेतलं असतं. दुसऱ्या वर्षाच्या वर्गात बसली की पुढचं काही कळेना, प्रॅक्टिकलला बाकीच्या मुली हिला गटात घ्यायला बघेनात. एक दिवस गेली नाही. दुसऱ्या दिवशी जायची लाज वाटली. मग तिने ठरवलं की आधी ते दोन विषय सोडवायचे. रोज सकाळी इथल्या एका वाचनालयात जाऊन बसायची, संध्याकाळी उठायची. फेरपरीक्षा दिली. त्याचा निकाल त्याच सकाळी लागला होता.

"दोन्ही सुटले, मावशी!" ती म्हणाली. दोन बोटं माझ्यासमोर धरून. "आणि मी स्वतः जाऊन मॅडमना भेटले. खूप बोलल्या. मग म्हणाल्या, गार्डियनचं पत्र आण, सोमवारपासून बस. राहिलेली प्रॅक्टिकल शनिवारी करून घेऊ. तुम्ही सही केलीत की झालं."

मी म्हटलं, "अगं, मी तुझ्या बाबांना फोन केला."

"कधी?"

"दुपारी. कॉलेजमधून आला होता मला, म्हणून मी..."

"दुपारी किती वाजता?"

किती वाजता याने काय फरक पडणार होता! पण तिने विचारलं आणि मी सांगितलं, दीड वाजता. तिने मान हलवली. दीड वाजता ती मॅडमच्या केबिनबाहेर बाकावर बसली होती, असं म्हणाली. मी तिच्या हातातून कागद घेतला, सही केली, माझा फोन नंबर लिहिला, खाली तारीख घातली. तिने तो कागद घडी करून परत बॅगेत ठेवला आणि उरलेली अर्धी खोली झाडून काढली.

मी तिच्यासमोरच वडिलांना परत फोन लावला. भडाभडा सगळं सांगितलं, पोरगी पास झाली आहे, मॅडम घ्यायला तयार आहेत, तुम्ही येऊ नका. ते म्हणाले, "निघालोय ताई आता. आल्यावर बोलू." मागे दुसऱ्या कुणाचा तरी आवाज येत होता. तेव्हा मला कळलं की ते एकटे नाहीत.

सकाळी मी सात वाजता नेरूळला हजर. ते आले, बरोबर त्यांचा थोरला भाऊ. वडिलांनी मला नमस्कार केला, भाऊ नुसता खुर्चीत बसला. मी कागद दाखवला, निकाल दाखवला, मुलीला पुढे केलं. तो भाऊ काही वाचेना. त्याला एकच गोष्ट विचारायची होती.

"सात आठवडं पोरगी व्हती कुठं?"

"वाचनालयात!" मी म्हटलं. "अभ्यास करत होती. केल्याशिवाय दोन विषय सुटले का?"

"तुमी बघितलं का?"

"अहो, मी कशाला बघायला जाऊ? मला माहीत आहे ती कशी आहे ते."

"तुमालाच काल कळलंय," तो म्हणाला. "तुमीच फोन केलाय, बाई."

माझं डोकंच फिरलं. मी त्याला नाही नाही ते बोलले. म्हटलं, तुमच्या घरात एक पोरगी स्वतःच्या पायावर उठून उभी राहिली तर तुम्हाला बघवत नाही! वडिलांना म्हटलं, दादा, तुम्ही तरी बोला, तुम्हीच रेटलंय ना हे? ते माझ्याकडे बघेनात. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "ताई, तुमचे लय उपकार झाले. तुमी व्हता म्हनून येळंवर कळलं." खरंच मनापासून म्हणाले. मला वाटलं त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तासाभरात तिचं सामान बांधून झालं. बाकीच्या तिघी दारात उभ्या राहून रडत होत्या, ही नव्हती रडत. मी तिला लिफ्टपाशी गाठलं आणि म्हटलं, "माझं चुकलं गं. मी आधी तुला विचारायला पाहिजे होतं." ती म्हणाली, "तुम्ही तरी काय करणार, मावशी. दमला होता तुम्ही." मी तिला काही सांगितलं नव्हतं. पोरीने आपणहून ओळखलं होतं.

घरी आल्यावर हे म्हणाले, त्यात तुझी काय चूक, तू कळवलंस ते बरोबरच केलंस. मी म्हटलं, तुम्ही गप्प बसा. दोन दिवस मी कुणाशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी एजंटचा फोन आला, एक पार्टी आहे, जळगावची मुलगी, उद्या येऊ का घेऊन? मी ये म्हटलं. सीझन निघून गेला असता तर तिची रिकामी कॉट जूनपर्यंत तशीच राहिली असती आणि बाथरूमच्या फरशीचं काम अजून व्हायचं होतं. चौथ्या दिवशी जळगावची राहायला आली. तिच्याही फॉर्मवर माझीच सही आहे.

पाच-सहा महिने गेले. मी मधे दोनदा कराडला फोन केला होता, एकदा तिच्या आईने उचलला आणि पोरगी शेजारी गेली आहे म्हणाली, एकदा कुणीच उचलला नाही. मग एका रविवारी सकाळी वडिलांचाच आला. आवाज खुशीत. सुपारी फुटली, म्हणाले, मुलगा साताऱ्याचा, घरचं मेडिकलचं दुकान आहे, पोरीचं शिक्षण वाया जायाचं न्हाई बघा. लग्नाला यायलाच पाहिजे, तुमी आमच्या घरच्याच. मी हो हो म्हणत होते. शेवटी म्हणाले, थांबा, पोरीला देतो.

"मावशी, कशा आहात? काकांचा दम कसा आहे?"

मी म्हटलं, बरा आहे. तू कशी आहेस? ती म्हणाली, मस्त. मी दुकानाबद्दल विचारणार होते, काउंटरवर बसू देणार आहेत का तुला, पण बाजूला माणसं असतील म्हणून गप्प बसले. तीच म्हणाली,

"मावशी, माझी कॉट भरली का हो?"

मला खोटं बोलता आलं असतं. मी म्हटलं, "हो गं. लगेच भरली."

"बरं झालं," ती म्हणाली. "मला सारखं तेच वाटत होतं. वर्षाच्या मध्येच गेले मी, तुमचं नुकसान झालं असेल."